आमच्या ह्यांची फौजी गाठ

गेल्या आठवड्यात साताऱ्याला गेलो होतो. पोलीस भरतीच्या मैदानाबाहेर, रस्त्याच्या कडेला मी चक्क फतकल मारून बसले होते आणि मांडीवर लेकीचा बुटासकट पाय... येणारे-जाणारे वळून बघत होते. बघू देत म्हटलं.

झालं असं की आमची प्राजू यंदा पहिल्यांदाच भरतीला उतरली. ऊन-थंडी न बघता कडेगावच्या रस्त्यावर पहाटे पळत असते पोरगी. मागच्या महिन्यात सरावाच्या शर्यतीत तिची लेस सुटली, पायात आली आणि ती तोंडावर आपटली. गुडघा बरा झाला, पण ती सुटलेली लेस तिच्या पप्पांच्या डोक्यातून काही जाईना.

आमचे हे फौजेतून रिटायर झालेले. घरात पोतं असो, दोरी असो, गाठ मारायची ती ह्यांनीच... आणि सोडवत बसायचं मी.

भरतीच्या दिवशी घरून निघायच्या आधी ह्यांनी प्राजूला खुर्चीत बसवलं आणि स्वतः खाली बसून तिचे बूट बांधले. गाठीवर गाठ, तिच्यावर आणखी एक. वर लेस पाण्यानं भिजवली, म्हणजे कशी घट्ट आवळून बसते म्हणे! "आता भूकंप झाला तरी सुटायची न्हाई," असं सांगून उठले. लेक खूश, बाप त्याहून खूश.

मैदानावर पोचलो तर गेटबाहेर मुलींची रांग. प्राजू रांगेत उभी राहिली. रांग पुढे सरकायला लागली आणि तिच्या पुढच्या मुलीनं बूट काढून हातात घेतले... कारण पळायच्या आधी उंची मोजणार होते. अनवाणी.

प्राजूनं पायाकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. स्वतःच्या भरतीत उघड्या पायानं उभं केल्याची गोष्ट आम्हाला शंभरदा ऐकवणारा हा माणूस... त्या दिवशी नेमका तेवढंच विसरला होता.

"आरं तिच्या मारी..." म्हणत हे खाली बसले आणि गाठ ओढायला लागले. जेवढी ओढावी तेवढी ती आवळत गेली. टाच धरून बूट तसाच काढून बघितला, तर तो पायाला असा जखडलेला की हलेना. प्राजू रडकुंडीला आली. रांगेतल्या एकीनं भलेपणानं ब्लेड पुढं केलं. पण लेस कापली तर पोरगी पळणार कशावर? आणि इतक्या सकाळी लेस विकत मिळणार कुठं?

एवढ्या दिवसांची मेहनत, आणि अडून बसलं काय, तर बोटभर लेस! ह्यांच्यावर असा राग आला होता की विचारू नका. पण भांडायलाही वेळ नव्हता.

"आवं, सरका तिकडं. हात लावू नका आता," म्हटलं आणि तिचा पाय मांडीवर घेतला.

माझं गावात लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. परकराच्या नाडीला बसलेली गाठ घेऊन बायका येतात, ती सोडवणं माझं रोजचंच. अशी गाठ ओढायची नाहीच. आधी पदरानं दाबून लेसेतली ओल टिपली. मग गाठ चिमटीत धरून मळत राहिले, जरा मऊ होईपर्यंत. बांगडीतली सेफ्टी पिन काढली, मधल्या फटीत अलगद सरकवली आणि लेस बाहेर न ओढता उलटी आत ढकलली... जरा सैल पडली. पुन्हा ढकलली.

"आई, माझा नंबर येतोय गं," प्राजू गेटाकडे बघत म्हणाली.

"येऊ दे. तू पाय हलवू नको."

पहिली गाठ सुटली. मग तिच्याखालची, मग शेवटची. एक बूट निघाला! दुसऱ्या बुटाच्या वेळी नख मोडलं, तेही नंतर कळलं. तो बूट हातात आला आणि आतून प्राजूचं नाव पुकारलं... दोन्ही बूट छातीशी धरून, अनवाणी पळत गेली पोरगी गेटातून.

मी तिथंच बसून राहिले. हे शेजारी उभे, मान उंच करून गेटाकडे बघत.

बऱ्याच वेळानं प्राजू बाहेर आली. चेहरा लालबुंद, घामानं निथळलेली... आणि हसत. उंचीत बसली होती, मनासारखी पळाली होती. माझी नजर आधी तिच्या बुटांकडे. स्वतःच्या हातानं बांधलेली साधी फुलगाठ, जागच्या जागी! तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला. निकाल लागेल तेव्हा लागेल, पण पोरगी पळाली, लेसेपायी तशीच परत नाही आली.

मग झाडाखाली जेवायला बसलो. भाकरीचं गाठोडं मी पुढ्यात घेतलं आणि कपाळावर हात मारला. तेही ह्यांनीच बांधलं होतं. फौजी गाठ!

प्राजू हसून हसून लोळायची बाकी. मी पिन काढणार, तेवढ्यात ह्यांनी गाठोडं स्वतःकडे ओढून घेतलं. गाठ चिमटीत धरून हळूहळू मळायला लागले.

"ढकलायची असती व्हय... वढायची न्हाई," माझ्याकडे न बघताच म्हणाले.

वेळ लागला. भूक तर अशी लागली होती, की काय सांगू. पण मी हात लावला नाही... आणि त्या दिवसाइतकी गोड भाकरी मी बऱ्याच दिवसांत खाल्ली नव्हती.