पडद्याअलीकडचा परीक्षक

भारतात न्याय नावाची गोष्ट कुठे शिल्लक असेलच, तर ती बडोद्यात, कारेलीबागेतल्या एका सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर, आमच्या काकांच्या सोफ्यावर होती. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. आम्ही त्याच इमारतीत त्यांच्या बरोबर खाली राहायचो, त्यामुळे हा न्याय आम्हांला छतातून घरपोच मिळायचा. घरोघरी केबल आली, मागोमाग मोबाइल आले आणि टीव्हीवर गाण्याच्या स्पर्धांचं पेव फुटलं, तेव्हापासून काकांनी देशातल्या एकाही होतकरू गायकाला सुखाने गाऊ दिलं नाही. त्यांचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते म्हणे. त्यांनी कुठली लढाई मारली ते घरात कुणालाच सांगता येत नाही, पण तो बाणा काकांनी रिमोट हातात धरून टिकवला होता. नोकरीही स्वभावाला साजेशी मिळालेली. नंदेसरीच्या एका रसायनांच्या कारखान्यात तयार माल तपासून पास-नापास करायचा. दिवसभर पिंपं नापास करून माणूस दमायला हवा. काका संध्याकाळी माणसं नापास करायला ताजेतवाने होऊन घरी यायचे.

त्यांचा मूळ सिद्धान्त असा, की स्पर्धेत गाणं सोडून बाकी सगळं मोजतात. "साव खोटं, एकदम खोटं आहे रे सगळं! आधीच ठरलेलं असतं," हे वाक्य शीर्षकगीत संपायच्या आत एकदा व्हायचंच. ज्याच्या घराचं छप्पर कॅमेऱ्यात गळताना दाखवलं तो उपांत्य फेरीत जाणार, ज्याच्या आईने पदराने डोळे पुसले तो अंतिम फेरीत, आणि ज्याचं घर धड, आईवडील धडधाकट आणि गळा गोड, त्याने पुढच्या गाडीने घरी यावं. परीक्षक रडले तर ते ग्लिसरीन. हसले तर माज. आणि उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, तर निर्मात्याने कानातल्या यंत्रातून सांगितलं. एसेमेसच्या मतांवर तर त्यांचा विशेष राग. ज्याच्या गावाला लोक जास्त तो जिंकणार, मग गळा कशाला, जनगणनाच करा, असं त्यांचं म्हणणं. आता, बडोद्याची एक मुलगी एका स्पर्धेत उतरली तेव्हा ते आमच्या घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवरून तिला मत पाठवून गेले, हा भाग वेगळा. ते मत नव्हतं, "अन्यायाची भरपाई" होती. कोणता अन्याय, ते विचारायची आमची छाती झाली नाही.

एकदा अशाच एका कार्यक्रमाची ऑडिशन आमच्या शहरात झाली. काका रजा टाकून, थेपल्यांचा डबा घेऊन, कारभार आतून पाहायला म्हणून रांगेत उभे राहिले. तरण्या पोरांच्या त्या रांगेत हा पन्नाशीचा गृहस्थ छातीवर नंबर चिकटवून दुपारपर्यंत उभा. शेवटी आत गेले तेव्हा टेबलामागच्या मुलाने मान वर न करता सांगितलं, "गाइए." काकांनी गाण्याऐवजी त्याला त्याचं संगीतातलं शिक्षण विचारलं. दोन मिनिटांत ते बाहेर होते. घरी आल्यावर म्हणाले, "बघ, न ऐकताच काढलं!" गायला तोंड उघडलं होतं का, असं मी विचारणार होतो, पण मावशीने डोळ्यांनी दटावलं. तसंही काकांनी तोंड उघडलं नाही ते बरंच झालं. आरतीला ते माझ्या शेजारी उभे राहत, तेव्हा मी टाळ्यांचा ताल कायम दुसऱ्या बाजूच्या माणसाकडून घेत असे.

गाणं होतं ते मावशीच्या गळ्यात. ती करजणची. लग्नाआधी तिथल्या एका मास्तरांकडे चांगली सात-आठ वर्षं शिकलेली. स्वयंपाक करताना ती गुणगुणायची, आणि खाली आमच्या स्वयंपाकघरात आई फोडणीचा गॅस बारीक करून ऐकत उभी राहायची. वर दिवाणखान्यात मात्र त्याच वेळी कुणीतरी लुधियानाचा नाहीतर गुवाहाटीचा पोरगा गात असे. मग काकांची हाक यायची, "अगं, जरा गप बस गं, गाणं ऐकू दे!" आणि टीव्हीचा आवाज वाढायचा. मावशी गप बसायची. साऱ्या हिंदुस्थानात कुणावर कुठे अन्याय झाला, हे काकांना सोफ्यावरून दिसत होतं. फक्त मधे एक भिंत आली की त्यांचा नाइलाज व्हायचा.

एका गणपतीत सोसायटीने बायकांची गायनस्पर्धा ठरवली. सेक्रेटरी गुजराती, मोठा मिश्कील माणूस. तो काकांना म्हणाला, "काका, रोज बोलो छो ने? तो आ वखते तमे ज जज!" काकांनी परीक्षकाचं पद लगेच स्वीकारलं, पण अटी घातल्या. परीक्षक आणि गायिका यांच्यामध्ये पडदा हवा. नाव पुकारायचं नाही, नुसता नंबर. गाण्याआधी कुणी घरची कर्मकहाणी सांगायची नाही. बाहेरची धंदेवाईक गायिका आढळली तर जागच्या जागी बाद. आणि परीक्षकाचा निर्णय अंतिम. निवडणूक आयोगालाही हेवा वाटावा असा तो बंदोबस्त होता. नंबर वाटायचं काम माझ्याकडे आलं.

दुसऱ्या दिवशी काका कारखान्याच्या बसमध्ये चढल्याची खात्री करून मावशी खाली आली. "मला एक नंबर दे," ती म्हणाली, "आणि ह्यांना सांगू नकोस."

"अगं, चोरून कशाला? सरळ सांग की त्यांना, की मला गायचंय."

"सरळ सांगून ऐकलं असतं, तर पडदा कशाला लागला असता?" ती हसली आणि नंबर पदराच्या टोकाला बांधला. "मला बक्षीस नको रे. एकदा ह्यांनी मधे न बोलता शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच आहे." पुढचा आठवडाभर काका नंदेसरीला गेले की वरून रियाज ऐकू यायचा, आणि आमच्याकडे रोज भाजी करपायची.

स्पर्धेच्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून, पेनाचं टोपण काढून, चादरीच्या पडद्यासमोर बसले. पहिल्या बाईंना त्यांनी दुसऱ्या ओळीलाच थांबवलं. दुसऱ्या बाई "श्वास घेतात की उसासा टाकतात" ते त्यांना कळेना. तिसऱ्या बाई पडद्यामागे रडल्या, तर म्हणाले, "रडण्याचे गुण नाहीत." मग मी मावशीचा नंबर पुकारला.

तिने एक जुनं भावगीत घेतलं. पहिला स्वर थोडा घाबरत आला, दुसऱ्या ओळीपासून आवाज मोकळा झाला. काकांनी पेन उचललं, तसंच धरून ठेवलं, मग हळूच खाली ठेवलं. अंतऱ्याला त्यांनी डोळे मिटले. हा माणूस गाणं चालू असताना गप्प बसलेला मी जन्मात प्रथमच पाहत होतो. गाणं संपलं तरी ते डोळे उघडेनात. मला वाटलं, मावशीने जिंकलं.

तेवढ्यात काका ताडकन उठले. "बाद!" ते गरजले. "ही सोसायटीतली बाई नाहीच! रेडिओवर गाणारी कुणीतरी आणून बसवलीय. कारेलीबागेत हा गळा असता तर मला माहीत नसतं का?"

सेक्रेटरीने ओठ दाबत विचारलं, "काका, पडदो हटावी दउं?"

"हटवा! होऊ दे सगळ्यांसमोर!"

पडदा बाजूला झाला. पदर खांद्यावरून घट्ट लपेटून मावशी बसली होती. बायकांनी टाळ्यांचा जो कडकडाट केला तो थांबेना. काका उभेच, तोंड अर्धं उघडं. सेक्रेटरी लगबगीने म्हणाला, "पहिलं इनाम काकींना!" तर मावशी शांतपणे उठली आणि म्हणाली, "छे, छे, परीक्षकाचा निर्णय अंतिम." पहिल्या बक्षिसाचा स्टीलचा डबा तिसऱ्या बाईंना मिळाला, त्या रडल्या होत्या त्यांना.

त्या रात्री मी वर जेवायला होतो. वरणभात झाला. मग काकांनी ताटाकडे बघत विचारलं, "हे मला कधी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं की. तुम्ही करजणला मला बघायला आलात, तेव्हा हेच गाणं म्हटलं होतं. अख्खं."

काकांनी ताट बाजूला सारलं. "मी ऐकलंच नव्हतं गं. तुझ्या वडिलांच्या मिशा बघून घाबरलो होतो. पोह्यांच्या बशीतून मान वर केली नाही."

"मग पसंत कशी केलीत?"

"ते आईने घरून निघतानाच ठरवलं होतं."

मावशी इतकी हसली की तिला ठसका लागला. काकाच उठून पाणी घेऊन आले.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. काका निवृत्त झाले, ऐकायला थोडं कमी येतं. स्पर्धा अजून चालतात, पण त्यांना आता त्यात राम वाटत नाही. मी गेलो की ते मावशीला गायचा आग्रह करतात, आणि ती नको नको म्हणत गाते. तिचा दम आता पुरत नाही. परवा अंतऱ्यातला वरचा स्वर चांगलाच उतरला. माझ्यासारख्या औरंगजेबालाही तो कळला. तिने अर्ध्यावर थांबून काकांकडे पाहिलं. "उतरला ना हो?"

काका तिच्या अगदी जवळ बसले होते. लुधियानाच्या पोराचा केसभर चुकलेला स्वर ज्यांनी कधी माफ केला नाही, ते म्हणाले, "कुठे? बराबर लागला. तू म्हण पुढे." इतका उघड पक्षपात मी कुठल्याही वाहिनीवर पाहिला नाही. मला फार बरं वाटलं, आणि फार वाईटही वाटलं, कारण तो स्वर तिला सहज लागत होता त्या सगळ्या वर्षांत ती स्वयंपाकघरात होती.