कोन्सोर्सियाचे आठ तास

कोन्सोर्सिया, सगळ्यांची मानांग म्हणजे थोरली ताई, अठ्ठावीस वर्षं नगरपालिकेच्या जन्ममृत्यू नोंदणीच्या खिडकीत बसली होती आणि तेवढ्या वर्षांत तिने एकही प्रशिक्षण घेतलं नव्हतं. घेणार कधी? बाकीचे शिकायला गेले की खिडकी उघडी ठेवायला कुणीतरी हवं ना. साहेब तेओफिस्तोंच्या भिंतीवर मात्र एकतीस प्रमाणपत्रं टांगलेली. नेतृत्व, ताणमुक्ती, वेळेचं नियोजन. वेळेचं नियोजन शिकलेला हा माणूस दहाच्या आत कचेरीत कधी उगवला नाही.

कोन्सोर्सियाच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. उपनिबंधकाची जागा रिकामी होती आणि काम तिला तोंडपाठ होतं. पण अर्जासोबत आठ तासांच्या प्रशिक्षणाचा कागद लागत होता आणि मुदत शुक्रवारी संपत होती. नशिबाने यंदा नगराध्यक्षांनीच फर्मान काढलं की एकही जण मागे राहता कामा नये. बुधवारी खिडकीवर पाटी लागली, ‘जनतेची सेवा अधिक चांगली कशी करावी हे शिकण्यासाठी कार्यालय बंद.’

वर्ग रस्त्यापलीकडच्या सभागृहात होता. शिकवायला इलोइलो शहरातून जिनालिन नावाची पोरसवदा बाई आली होती. पाव तासाहून जास्त बाहेर राहील त्याला प्रमाणपत्र नाही, हे तिने आधीच बजावलं. मग तिने सगळ्यांना नाचवलं, मग झाड व्हायला सांगितलं. पोट सुटलेले तेओफिस्तो डोळे मिटून बराच वेळ डुलत राहिले.

दुपारी पानसितच्या शेवया खाऊन सगळे पेंगत होते, तेव्हा दारात तातय एलियुतेरिओ येऊन उभा राहिला. म्हातारा कोळी, सगळे त्याला तातय म्हणजे बाबा म्हणत, हातात टोपी. उद्या सकाळी सातला बायकोचं दफन होतं आणि मृत्यूची नोंद झाल्याशिवाय दफनभूमीत जागा मिळत नव्हती. खिडकीवरची पाटी वाचून तो बिचारा रस्ता ओलांडून आला होता.

कोन्सोर्सिया सवयीने अर्धी उठली आणि परत बसली. खोटं कशाला सांगा, क्षणभर तिला त्या म्हाताऱ्याचाच राग आला. तेओफिस्तो हळूच म्हणाले, “उद्या दहाला बोलवा त्यांना. ताण घेऊ नका, मानांग.”

तेवढ्यात जिनालिनने विचारलं, आता सरावासाठी कटकट्या गिऱ्हाइकाचं सोंग कोण घेईल?

“सोंग कशाला, मॅडम?” कोन्सोर्सिया म्हणाली. “खरं गिऱ्हाईक दारात उभं आहे. त्याचंच काम करू दे की सगळ्यांना. मी इथेच बसते.”

पुढे जे झालं ते बघून कुणालाही घाम फुटला असता. तेओफिस्तो स्वतः धावत जाऊन नोंदवही घेऊन आले, ती लग्नांची निघाली. दुसऱ्या खेपेला मृत्यूंची आणली, ती गेल्या वर्षीची. चौघांनी मिळून अर्ज भरला. म्हाताऱ्याने तो सावकाश वाचला आणि म्हणाला, “साहेब, मी अजून आहे. गेली ती बायको.”

कोन्सोर्सिया दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. कोणतं कपाट, कोणता कप्पा, शिक्का कुठे, एवढंच खुर्चीतून सांगत होती. तिच्या खिडकीत अर्ध्या तासात होणारं काम दोन तासांनी उरकलं. तातय कागद घडी करून खिशात ठेवून गेला.

संध्याकाळी प्रमाणपत्रं वाटताना जिनालिनने मोठ्या कौतुकाने कोन्सोर्सियाच्या कागदावर ‘मार्गदर्शक’ असं लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेओफिस्तोंनी तर जरा जास्तच, कारण शिकवणाऱ्याचे तास बढतीला धरत नाहीत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ती वर चढली असती तर खिडकीत बसणार कोण?

कोन्सोर्सियाने कागद परत केला. “पोरी, मान नको मला. आठ तास शिकले, असं लिही.”

“पण मानांग,” जिनालिन अवघडून म्हणाली, “तुम्ही शिकलात काय?”

कोन्सोर्सियाने तेओफिस्तोंकडे पाहिलं. ते गेल्या वर्षीच्या नोंदवहीने वारा घेत होते.

“हेच, की मी खिडकीत नसले तरी मेलेलं माणूस पुरलं जातं. दोन तास लागतात, पण जातं.”

जिनालिनने नवा कागद काढला.