काकूच्या बोटांतली जाण

काकू गेल्याचा बाबांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. "बरं" एवढंच म्हणाले आणि परत जागेवर जाऊन बसले. शेजारच्या मुलीला दुपारपर्यंत काही कळलं नाही. त्याला आता दीड महिना होईल...

कळंब्याच्या घरात पुढच्या खोलीत काकू ब्लाउज शिवायची आणि गिऱ्हाइकांशी मोठमोठ्यानं भांडायची. लहानपणी मी कोपऱ्यात बसून ऐकायचे. "इंग्रजी शाळेत जीभ जमा करून घेतली काय गं तुझी? बोल की!" म्हणायची. पुढे तिला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली आणि केमोनं तिची बोटं बधिर केली. सुई रुतली तरी कळायचं नाही. कापडावर रक्ताचा डाग दिसला की कळायचं. मशीनवर कापड टाकून झाकलं तिनं. काकू गप्प बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

हळूहळू बोटांना जाण आली. स्कॅनही स्वच्छ आला. पण डॉक्टरांनी एक रक्ततपासणीही करून घेतली होती. स्कॅनमध्ये न दिसणारा कॅन्सर उरला असेल, तर त्याचे अंश रक्तात सापडतात म्हणे. ते सापडले.

"स्कॅनमध्ये न्हाय आन् रक्तात हाय? मग हाय तरी कुठं?" काकूनं विचारलं.

कुठं, ते या तपासणीत कळत नाही, डॉक्टर म्हणाले. केमो आत्ताच पुन्हा सुरू करायची की स्कॅनमध्ये दिसेपर्यंत थांबायचं? आधी सुरू केल्यानं फायदा होईलच, असं तेही खात्रीनं सांगू शकत नव्हते.

"बोटं परत जातील?"

"जाऊ शकतात."

"मग थांबूया की."

आम्ही तिघं रिक्षात बसल्यावर काका भडकले. "बोटांपायी जीव देतीस व्हय?"

"आन् बोटं न्हाईत तर जीव ठेवून करू काय? तुमच्या तोंडाकडं बघत बसू?"

काका हसले नाहीत. मीही नाही.

पुढचे काही महिने ती मनासारखं शिवत होती, भांडत होती. मग स्कॅनमध्ये यकृतात कॅन्सर दिसला. तेव्हा केमो घेतली, पण फार दिवस मिळाले नाहीत. आधी घेतली असती तर... काका अजून विचारतात. 

केमोविना काढलेल्या त्या महिन्यांत तिनं माझ्यासाठीही एक ब्लाउज शिवला, मी साडी नेसत नाही हे ठाऊक असून. परवा तो उलटा करून पाहिला. दोन्ही बाजूंना नेहमीपेक्षा जास्त कापड आत सोडलंय, पुढे कधी अंग भरलं तर उसवून मोठा करता यावा म्हणून. डोळे मिटून मी शिवणीवरून बोट फिरवलं... कुठेही अडखळलं नाही.