चार मुलींची एक ओळ

निवृत्त झाल्यावर माणसाने देवदेव करावा किंवा नातवंडं सांभाळावीत, अशी आमच्या जुन्या जालन्यात रीत आहे. मी जर्मन राजघराणी सांभाळत बसलो. पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, ती खोड जात नाही. इंटरनेटवरच्या एका मराठी कोशासाठी मी नोंदी लिहितो. मान नाही, मानधन नाही, वाचणारे किती ते देवालाच ठाऊक. खाली आडतीवर धान्याची पोती उतरवणाऱ्या हमालांचा गलका, आणि वर मी नि माझा पंधराव्या शतकातला संस्थानिक. बायको म्हणते, तो काय तुम्हाला जेवू घालणार आहे का?

गेल्या हिवाळ्यात माझी धाकटी बहीण मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला आली. तिचं सासर जांब समर्थच्या बाजूला. नवरा जाऊन चार वर्षं झाली, मूलबाळ नाही, पुतण्याच्या घरात राहते. डोळ्यावर काळा चष्मा, वाकायचं नाही, चुलीजवळ जायचं नाही. जन्मात कधी रिकामी न बसलेली बाई दोन दिवसांत कंटाळली. म्हणाली, "दादा, काय लिहून राह्यलास ते मोठ्यानं वाच तरी."

मी वाचलं. संस्थानिक काही फार मोठा नव्हता, दोन-तीन तालुक्यांएवढं त्याचं राज्य. तो मेल्यावर मुलांत वाटण्या झाल्या. थोरल्याला डोंगराकडचा मुलूख, दुसऱ्याला नदीकाठचा, तिसरा धर्मगुरू झाला, धाकटा भांडत राहिला. पुढे तर एकाच किल्ल्यात दोघा भावांचे संसार, चुली वेगळ्या आणि दरवाजा एक. हे ऐकून बहीण खूश झाली.

"म्हंजी बांधावरून भांडणं तिथंबी होतीच की," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने विचारलं, "पोरी न्हवत्या का त्याला?"

"होत्या. चार."

"त्यांला काय भेटलं?"

माझ्या नोंदीत एवढंच होतं: 'त्याला चार मुलीही होत्या.' चार मुलगे तीन पानं खाऊन बसले होते आणि चार मुली एका ओळीत. मूळ पुस्तकात त्यांच्याबद्दल बरंच होतं, ते मी वाचलं होतं आणि गाळलं होतं. तिला सांगितलं, की दोघींना मठात घातलं, दोघींची लग्नं झाली. लग्नात हुंडा मिळाला आणि त्यांच्याकडून लिहून घेतलं, की बापाच्या मुलुखावर आता आमचा काही हक्क नाही. खाली त्यांचा शिक्का.

बहिणीने काळा चष्मा नाकावर नीट बसवला. मग म्हणाली, "म्हंजी त्यांच्याकडंबी भोकरदन होतं."

बायको स्वयंपाकघरातून हसली. मला हसू आलं नाही.

भोकरदन म्हणजे आमचा तालुका. आमचं घर नि जमीन पिंपळगाव रेणुकाईला. वडील गेल्यावर वर्षश्राद्ध झालं आणि आम्ही दोघा भावांनी बहिणीला निरोप धाडला: हक्कसोडीची सही करायची आहे, ये. यात आम्हाला काही गैर वाटलं नाही. सगळीकडे असंच करतात. बहीण येते, सही करते, भाऊ साडी-चोळी करून तिची बोळवण करतात. जी सही करत नाही तिच्या नावाने गाव वर्षभर बोलतं. मी शाळेत पोरांना कायद्याने मुलींना समान हक्क आहे म्हणून शिकवत होतो. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण.

भोकरदनच्या निबंधक कार्यालयात तिचा फोटो काढला, अंगठा घेतला. साहेब चांगला माणूस होता. त्याने कागद बाजूला ठेवून तिला सरळ विचारलं, "बाई, राजीखुशीनं सोडता ना? कुणाचा दबाव न्हाई ना?" तिने त्याच्याकडे न पाहता माझ्याकडे पाहिलं. आणि मी, शहाण्याने, उत्तर दिलं: "राजीखुशीनंच साहेब, घरचंच काम आहे." साहेब म्हणाला, "त्यांला बोलू द्या." मग तीही म्हणाली, "राजीखुशीनं." आम्ही बाहेर येऊन भजी खाल्ली. तिला मोरपंखी साडी घेतली. दुपारच्या गाडीत बसवून दिलं आणि मोकळे झालो.

नोंद वाचून दाखवली त्या संध्याकाळी, इतक्या वर्षांनी, जालन्यात मी तिला पहिल्यांदा विचारलं, "तेव्हा साहेबानं विचारलं तर माझ्याकडं का पाह्यलंस?"

"मी बसमधी ठरवून आल्ते," ती म्हणाली. "इहिरीजवळचा अर्धा एकर मागायचा. पिकवायला न्हाई. सातबाऱ्यावर माझं नाव ऱ्हावं, बाबाच्या खाली. उद्या काई झालं तर एक खोली टाकता यावी. मला वाटलं, तूच म्हणशील, थांबा साहेब, हिला विचारू. मंग तू बोललास."

मी बोललो. पाच शब्दांत मी माझ्या बहिणीची अख्खी म्हातारपणाची सोय काढून घेतली, आणि वर भजी खाऊ घातली. त्या क्षणी मला माझी लाज वाटली. चांगलीच वाटली. मी म्हणालो, माझ्या हिश्श्यातला अर्धा एकर तुझ्या नावावर करतो, उद्याच भोकरदनला जाऊ.

"आता कशाला? माझ्यामागं पुतण्या हक्क सांगंल, तुझे पोरं अडवतील. माझ्या नावानं कोर्टात जातील. तवा नवरा होता, उमेद होती. खोली बांधली असती दोघांनी." मग तिनेच मला समजावलं, "जाऊ दे. झोप बरं."

दोन रात्री बसून मी त्या चौघींची माहिती नोंदीत घातली. तिला वाचून दाखवली. तिने ऐकली, बरं केलंस म्हणाली, आणि चहा मागितला. त्याने काही फिटत नाही, हे दोघांनाही कळत होतं.

आठव्या दिवशी मी तिला स्टँडवर सोडायला गेलो. गाडी लागायची होती. ती म्हणाली, "दिवाळीला येऊ का दादा? तुमाला बराबर पडंल का?"

मी चिडलो. "विचारतीस काय? तुझंच घर हाय."

"पहिले कधी विचारलं का म्या? पिशवी उचलली की पिंपळगाव गाठायचे. तवा माझंबी होतं. आता तुमचंय, विचारावं लागतं."

खरंच, वडील असताना ती कधी विचारून आली नव्हती. सही केल्यापासून दर सणाला आधी फोन करते, आणि मी आजवर त्याला तिचा समजूतदारपणा म्हणत आलो. मला तिच्याशी भांडायचं होतं, पण तिच्या आवाजात राग नव्हता. गाडी लागली. मी तिला खिडकीची जागा धरून दिली आणि म्हणालो, "दिवाळीला ये." तिने मान हलवली आणि म्हणाली, "फोन करते आधी."