तांडेलाच्या डब्यातली पदकं

तांडेल माणसाच्या तोंडाकडे पाहण्याआधी त्याच्या वजनाचा अंदाज घेत असे. त्या काळी आगबोट रत्नागिरीच्या धक्क्याला लागत नसे. ती बाहेर खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून, म्हणजे लहान होडीतून, ये-जा करत. पडावात कुणी कुठे बसायचं, हे तांडेल ठरवी. हुद्दा, घराणं, जरीचा रुमाल यांपैकी कशाचाही त्याच्यावर परिणाम होत नसे. "मामलेदारसाहेब, तुमी मध्ये बसा, हलू नका. मास्तर, तुमी कुठंय बसा, तुमचा काय फरक पडत नाय." मास्तर म्हणजे मी. शाळा तपासणीसांनीही माझ्याबद्दल इतका नेमका शेरा कधी मारला नाही.

सामानाचंही तेच. ट्रंक नुसती उचलून तो आत भांडी आहेत की पुस्तकं, ते सांगे. पुस्तकं असली की मालकाकडे जरा दयेनं पाही.

राजिवड्यातल्या त्याच्या घरी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात अकरा पदकं होती. सगळी एकाच माणसाची: संगीत नाटकांतले नटभूषण विश्वासराव यांची. पण ते नटभूषण होण्यापूर्वीची. एका फाटक्या कंपनीत ते विसू या नावानं स्त्रीभूमिका करत, त्या पहिल्या दोन-तीन वर्षांतली. मुंबईला जाणाऱ्या खलाशांना तांडेल त्यासाठी चोरबाजारात पिटाळी. कंपनी बुडाल्यावर घरी बसलेल्या पेटीवाल्याला सुके बांगडे पाठवून पाठवून त्यानं त्याच्याकडून दोन पदकं सोडवली होती. विश्वासरावांना पुढे संस्थानिकांनी दिलेली पदकं त्याला नको होती. "मोठा झाल्यावर कुणीय टाळ्या देतो, मास्तर."

हे वेड कुठून आलं, असं विचारलं की तो एकच हकीकत सांगे. "कंपनी माझ्या पडावातून उतरली. हा पोरगा सकाळी माझ्या पायांवर ओकला, आणि संध्याकाळी राणी होऊन गायला. असा माणूस मी दुसरा बघितला नाय."

विश्वासरावांच्या एकसष्टीला गावात सत्कार समिती निघाली. अध्यक्ष तात्यासाहेब वकील. अक्षर बरं म्हणून चिटणीस मी. तांडेलाची पदकं मंडपात मांडायची, असं ठरलं. समितीत नानाशेट सोनार होते. ते म्हणाले, "आधी कसोटीवर घासून बघू. खोटं काही निघालं तर समितीची शोभा व्हायची." आम्ही तिघं राजिवड्याला गेलो. नानाशेटांनी खिशातून काळा दगड काढताच तांडेलानं डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"घासायची नाय."

"अरे, खरी असतील तर भितोस कशाला?" तात्यासाहेब म्हणाले.

"मेडलं नायत माझ्याकडं."

"नाहीत? मग मांडीवर काय आहे?"

"दर्यात पडली," तांडेल म्हणाला आणि मांडीवरचा डबा खडखडला.

परतताना तात्यासाहेब म्हणाले, "फसलाय बिचारा. कुणीतरी पितळ गळ्यात मारलंय, ते उघडं पडेल म्हणून भितो." मलाही तसंच वाटलं.

सत्कार थाटात झाला. कलावंताच्या अंगी संयम हवा, या विषयावर तात्यासाहेब तासभर बोलले आणि नानाशेटांनी स्वतः घडवलेलं समितीचं सुवर्णपदक त्यांनी विश्वासरावांच्या छातीवर लावलं. तांडेल मंडपात आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुण्यांना आगबोटीवर पोचवायला मी पडावात होतो. तांडेलानं विश्वासरावांना मध्ये बसवलं.

"अजून ओकता काय, विसूराव?"

विश्वासराव दचकले. मग खुलून हसले. "तांडेल! तू अजून आहेस?"

पडाव धक्क्यापासून बराच दूर गेल्यावर तांडेलानं फळीखालून डबा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. विश्वासरावांनी एक पदक काढून उलटं केलं. घासून घासून त्याची पाठ पत्र्यासारखी झाली होती. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, ही कंपनीचीच मेडलं. पितळेवर मुलामा. गावातल्या पुढाऱ्याच्या हातात मॅनेजर गुपचूप द्यायचा आणि मध्यंतरात तो माझा गौरव करायचा. गाव सोडलं की कानशीनं त्या गावाचं नाव घासून काढायचं, पुढच्या गावाचं कोरायचं." आणि तांडेलाला म्हणाले, "तुला हे ठाऊक होतं?"

"तुमचा मनेजर माझ्याच पडावात बसून घासत होता. आणि ट्रंक मी उचललीवती. सोना इतका हलका नसतो."

"मग जमवलीस कशाला?"

"दुसऱ्या कुणाला गावली असती, तर त्यानं कसोटीवर घासली असती."

विश्वासराव पाण्याकडे पाहत राहिले. मी माझ्या चपलांकडे. मग त्यांनी कोटावरचं कालचं पदक काढलं. "हे घे. निदान एक तरी खरं असू दे तुझ्या डब्यात."

तांडेलानं ते तळहातावर घेतलं. हात थोडा खाली गेला, थोडा वर आला. त्यानं मागे धक्क्याकडे पाहिलं. तिथे तात्यासाहेब आणि नानाशेट उपरणी हलवत उभे होते. तांडेलानं ते पदक इतर अकरांत नीट ठेवलं.

"हापण तसलाच," तो म्हणाला. "डझन पुरा झाला."

विश्वासराव इतके हसले की पडाव कलला. "मध्ये बसा, हलू नका!" तांडेल ओरडला. परतीच्या वाटेवर मात्र तो मला हळूच म्हणाला, "मास्तर, कुठं बोलू नका हां. गावाची अब्रू हाय."

बोललो नाही. आता तांडेल नाही, विश्वासराव नाहीत, तात्यासाहेब आणि नानाशेटही नाहीत, म्हणून लिहितो आहे. डबा माझ्याकडे आहे. "मास्तर घासणार नाय," एवढंच सांगून तांडेलानं तो मुलाच्या हाती माझ्याकडे पाठवला होता. म्हातारपणामुळे हल्ली अधूनमधून माझेही सत्कार होतात. हातात काही ठेवलं की मी ते तळहातावर घेऊन मान खाली घालतो आणि हात जरासा खालीवर करतो. लोकांना तो माझा विनय वाटतो.