वरच्या मजल्यावरून गेलेला जिना

मी शाळेत भूमिती शिकवते, त्यामुळे घराचा नकाशा काढायचं काम घरच्यांनी माझ्याच गळ्यात घातलं. नांदेडला तरोड्यात आमचा प्लॉट आहे, माझ्या नवऱ्याचा आणि लातूरला नोकरी करणाऱ्या धाकट्या दिराचा मिळून. दिराची बदली झाली की ते लोक इकडे येणार. खाली आम्ही आणि सासूबाई, वर दीर आणि जाऊ, स्वयंपाक एकच, असं सगळ्यांसमोर ठरलं होतं. इंजिनिअरकडे जायच्या आधी आपल्याला काय हवंय ते तरी स्पष्ट असावं, म्हणून मी लॅपटॉपवर घराचे नकाशे काढायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर घेतलं.

भिंती पटापट उभ्या राहिल्या. दारं, खिडक्या, हॉलमध्ये बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या फोटोची जागा, सगळं जमलं. वास्तुशास्त्र आमच्या घरात कुणी मानत नाही, तेवढी कटकट वाचली, असं मी शेजारणीला ऐटीत सांगूनही आले. मग जिना आला आणि माझी मती गुंग झाली.

जिना हॉलमधून, घराच्या आतूनच जायचा होता. तो उचलून कोपऱ्यात ठेवला, तर खालच्या नकाशात अर्धाच दिसायला लागला. थोड्या पायऱ्या, मग त्यांच्यावर मोडक्या काडीसारखी एक तिरकी रेघ, आणि पुढे नुसते ठिपके. बाजूला वर जाणारा बाण. उरलेला जिना गेला कुठे? वरचा मजला उघडला तर तिथे तोच जिना अख्खा, आणि बाण खाली. एकच जिना खाली अर्धा आणि वर पूर्ण, हे कोणत्या भूमितीत बसतं? मुलांनी अशी आकृती काढली असती तर मी वर्गाबाहेर उभं केलं असतं. नवऱ्याला विचारलं, तर "तुला कळून नाही राहिलं, मला काय कळणार?" म्हणत तो पेपर घेऊन ओसरीत जाऊन बसला.

शेवटी 'जिन्याचा तपशील' अशी एक खिडकी सापडली. पायऱ्या दाखवा, बाण दाखवा, छेदरेषा दाखवा, इतर मजल्यांवर दाखवा, अशा बऱ्याच चौकटी होत्या, आणि सगळ्यांत बरोबरच्या खुणा. मी एकेक खूण काढून टाकत गेले. मोडकी रेघ गेली, खालचा जिना अख्खा झाला, माझा जीव भांड्यात पडला. दोन्ही मजल्यांचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले आणि कणीक मळायला गेले.

एरवी ग्रुपवर कुणी नुसतं शुभ सकाळ म्हटलं तरी जावेची फुलं येतात. या वेळी काहीच नाही. मग एका संध्याकाळी दिराचा फोन आला.

"वहिनी, जिना भायरून काढायचं ठरलं का?"

"बाहेरून? कोण म्हणालं?"

"वरच्या नकाशात जिनाच न्हाई. आम्ही उतरायचं कुठून? म्हणलं, मंग भायरूनच असंल. तसं असंल तर सरळ सांगा. मी काय वाईट वाटून घेणार न्हाई."

वाईट वाटल्याशिवाय माणूस असं म्हणत नाही. मी लॅपटॉप उघडून बघितलं. खरंच, वरच्या मजल्यावर जिन्याच्या जागी कोरी फरशी होती. 'इतर मजल्यांवर दाखवा' ही एक खूण मी जास्तीची काढून टाकली होती.

आमच्याकडे बाहेरचा जिना काय बोलतो ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. भाडेकरूसाठी काढला तर गोष्ट वेगळी. पण भावाभावांच्या घराला बाहेरून जिना लागला, की गल्ली समजून घेते. आमच्याच ओळीत एका घराला मध्यंतरी लोखंडी जिना लागला. कुणी काही विचारलं नाही, फक्त लग्नाच्या पत्रिका तिथे दोन जायला लागल्या. आणि आमच्या घरात तो जिना मोठ्या जावेनं, म्हणजे मी, काढला होता! उद्या घर कुणी फोडलं असं पाहुण्यांत निघालं, तर नाव माझंच. मला रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्ही कशाचं ते कळत नव्हतं.

सासूबाईंनी फोनवरचं सगळं ऐकलं होतं. म्हणाल्या, "चप्पल न घालता वर जाता आलं पाह्यजे बाई. चप्पल घालून गेलं की मी पाव्हणी झाले."

रविवारी लातूरची मंडळी आली. तोवर मी शोधून काढलं होतं: घर छातीएवढ्या उंचीवर आडवं कापलंय असं धरून वरून बघायचं. जिन्याचा त्या उंचीच्या वरचा भाग कापला जातो, म्हणून ती मोडकी रेघ. सगळ्या खुणा परत केल्या आणि वरच्या मजल्यावर जिना आला. दीर मोकळं हसला. "मी काय काय डोक्यात घेतलं, वहिनी!" मला वाटलं, मिटलं.

मी चहा टाकायला उठले, तशी जाऊ माझ्यामागे स्वयंपाकघरात आली.

"ताई, एक बोलू? रागावू नका. वर जिना दिसला न्हाई, तर यांना लई लागलं. मला मात्र बरं वाटलं."

मी चहाचं आधण ठेवलं.

"तुमच्यावर राग न्हाई माझा. पण हापिसातून दमून यायचं, आन् हॉलमधून सगळ्यांच्या पुढून हसत वर जायचं. मला माझं दार पाह्यजे, ताई. जेवायला खालीच येईन."

रागवावं की तिची पाठ थोपटावी, मला ठरवता येईना. खरं तर मला तिचा हेवा वाटला. इतकी वर्षं मीही सगळ्यांच्या पुढून हसत जातेच आहे, आणि वेगळं दार मागायचं मला सुचलंही नव्हतं.

चहा घेताना तिनं तेच सगळ्यांसमोर सांगितलं. दिराच्या हातातली बशी तशीच राहिली. नवरा म्हणाला, "जेवण एकत्र, जिना भायरून. मंग हे घर एक का दोन?" मी भूमितीची बाई, लॅपटॉप पुढ्यात ओढला. मी जिना उचलून बाहेरच्या भिंतीला लावून बघितला. चांगला बसला.

सासूबाई चष्मा लावून लॅपटॉपजवळ सरकल्या. त्यांच्या खोलीतून बोट फिरवत अंगणात आल्या, जिना चढून वर गेल्या आणि तिथे थांबल्या.

"मंग माझ्या चपला कुठं ठिवायच्या? खाली का वर?"

मी सामानाची यादी उघडून शोधत बसले. त्या सॉफ्टवेअरमध्ये सोफा आहे, कुंड्या आहेत, कुत्रासुद्धा आहे. चपला नाहीत.