लाल बटणावरची चिकटपट्टी

कमलनगरच्या बसस्टँडसमोर धुळाप्पाचा फोटो स्टुडिओ आहे, आणि या धुळाप्पाचं व्हिडिओशी हाडवैर होतं. साधी नावड नव्हे. लग्नाची सुपारी द्यायला आलेला एखादा सहज म्हणायचा, थोडं शूटिंग पण घ्या की, आणि धुळाप्पाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. शूटिंगवाले म्हणजे लोकांच्या डोळ्यांत दिवे खुपसणारे, नवरा-नवरीला तुरीच्या शेतात उगाच पळायला लावणारे, पाठमोरं उभं राहून अख्ख्या मांडवाला लग्न दिसू न देणारे. ही यादी तो चहा थंड होईपर्यंत ऐकवायचा.

त्याचे आजोबा आणि वडील मेंढरांमागे फिरले. धुळाप्पा दहावीला नापास झाला आणि उदगीरच्या एका स्टुडिओत फोटो धुवायला लागला. आठ वर्षांनी परत आला, दुकान टाकलं, पुढं मुलगी झाल्यावर दुकानाला तिचं नाव दिलं: भाग्यलक्ष्मी फोटो. कॅमेरा डोळ्याला लावला की त्याचा हुकूम ठरलेला असायचा, ‘हलू नगा. दम धरा.’ तीस वर्षं हा हुकूम ऐकून औरादपासून भालकीपर्यंतची माणसं अशी तयार झाली होती की समोर कॅमेरा दिसला की हात मांडीला चिकटवायची, हसू गिळायची आणि श्वास रोखायची. व्हिडिओ चालू असला तरी तेच. गावातल्या शूटिंगवाल्या राजपालच्या व्हिडिओत म्हातारी माणसं मिनिट मिनिट तशीच ताठ उभी दिसायची, आणि धुळाप्पा ते बघून खूष व्हायचा. बघा, म्हणायचा, माणसाला फोटोच कळतो.

राजपाल हा त्याच्याच हाताखाली दोन वर्षं शिकलेला. नंतर त्यानं व्हिडिओचा कॅमेरा घेतला, आणि तेव्हापासून धुळाप्पानं त्याच्याशी सरळ बोलणं टाकलं. राजपाल मात्र भेटला की ‘अण्णा’ म्हणायचा. तेही धुळाप्पाला टोचायचं.

धुळाप्पाचा खरा अभिमान एका फोटोत होता. मंगलाष्टका संपतात, अंतरपाट खाली येतो, आणि तो अर्धा उतरलेला असताना नवरीचे डोळे तेवढे दिसतात. तो फोटो त्यानं तीस वर्षांत एकदाही चुकवला नव्हता. हे तो स्वतःच सांगायचा, पण ते खरंही होतं.

गेल्या दिवाळीत जुन्या कॅमेऱ्यानं मान टाकली. भाग्यलक्ष्मीला घेऊन तो कलबुर्गीला गेला. ती आता दुकानातले अल्बम कॉम्प्युटरवर लावायची. दुकानदारानं नवा कॅमेरा पुढं ठेवला आणि त्याचा व्हिडिओ किती छान येतो हे सांगायला सुरुवात केली. धुळाप्पानं बराच वेळ ऐकून घेतलं आणि म्हणाला, ज्यात व्हिडिओ नाही असला दाखवा. तसला आता येतच नाही, असं दुकानदार म्हणाला. मग धुळाप्पा भडकला. फोटो काढून पोट भरणाऱ्या माणसाच्या गळ्यात हे लोढणं कशाला? शिंप्यानं शिलाई मशीन मागितली तर तिला पिठाची गिरणी जोडून द्यायची का? दुकानदार हसला, आणि त्या हसण्याचा राग धुळाप्पानं बसमध्ये मुलीवर काढला. ती एवढंच म्हणाली, ‘लोकांला दोन्ही करणारा एकच माणूस पायजे, अप्पा. तुमी शिकलाव तर बरं, न्हाई तर मी शिकते.’

घरी आल्यावर धुळाप्पानं पहिलं काम काय केलं असेल? व्हिडिओच्या लाल बटणावर जखमेला लावायची चिकटपट्टी मारली, मध्ये कापसाची घडी असलेली. बटण दिसायलाच नको. भाग्यलक्ष्मीनं कपाळाला हात लावला.

वैशाखात अंकुशरावांच्या मुलीचं, ज्योतीचं लग्न निघालं. अंकुशराव म्हणजे गावातले मोठे अडत व्यापारी. त्यांनी फोटोला धुळाप्पाला आणि शूटिंगला राजपालला सांगितलं. मांडवात उकाडा असा की अक्षताही हाताला चिकटत होत्या. स्टेजवर मुंगी शिरायला जागा नव्हती. मंगलाष्टका संपत आल्या तेव्हा राजपाल नवरा-नवरीच्या बरोबर समोर उभा होता, आणि ती जागा धुळाप्पाची होती. निदान धुळाप्पाच्या मते तरी होती. तो गर्दीतून आडवा घुसला. कॅमेरा डोळ्याला लावला. अंतरपाट सुटला. त्यानं बटण दाबलं आणि कॅमेरा गप्प. पुन्हा दाबलं. गप्पच. अंतरपाट खाली गेला, अक्षता पडल्या, बँड वाजला, आणि त्या गोंगाटात बाईमाणसांचा ओरडा उठला. नवरीची आजी, गीताबाई, स्टेजवरून खाली पडली होती.

‘राजपालनं ढकललं,’ धुळाप्पा म्हणाला. ‘म्हातारीला राजपालनं पाडलं.’

तीस वर्षं गावाचे फोटो काढणारा माणूस बोलला म्हटल्यावर कोण विचारतो? अंकुशरावांच्या भावकीतल्या पोरांनी राजपालला स्टेजवरून खेचलं, मारलं, त्याचा कॅमेरा धरायचा दांडा मोडला. तो सांगत होता की मी जागचा हललो नाही. त्याचा व्हिडिओ लावून बघितला तर त्यात नवरा-नवरी सोडून काही नव्हतं, आणि मध्येच एक हिसका होता. हा बघा हिसका, लोक म्हणाले. म्हातारीचं मनगट मोडलं, आणि धक्का कुणाचा हे गर्दीत तिलाही दिसलं नव्हतं. राजपालची त्या महिन्यातली लग्नं एकेक करून गेली, आणि धुळाप्पाला वाईट वाटलं नाही. उलट त्याला बरं वाटलं. आपला एकुलता एक चुकलेला फोटो कुणामुळं चुकला, याचंही उत्तर त्याला आयतं मिळालं होतं.

आठव्या दिवशी भाग्यलक्ष्मी अल्बमसाठी फोटो निवडत होती. तिनं हाक मारली. फोटोंच्या मध्ये एक व्हिडिओ होता.

कॅमेरा धुळाप्पाच्या छातीशी होता तेव्हापासूनचा. चिकटपट्टीतल्या कापसानं बटणावर फुगवटा आला होता, गर्दीत त्याचाच अंगठा त्याच्यावर दाबला गेला होता, आणि व्हिडिओ चालू असल्यामुळंच फोटो निघाला नव्हता. पडद्यावर आधी राजपाल दिसला, पाय रोवून उभा, दोन हात लांब. मग चित्र डावीकडं वळलं. निळी बाही आली. बाहीतलं कोपर गीताबाईच्या खांद्यात बसलं, आणि जिथं म्हातारी होती तिथं कुणीच उरलं नाही. म्हातारी पडली तशी स्टेजची फळी हलली, राजपालच्या व्हिडिओतला हिसका तेवढाच होता. चित्र वर गेलं, अंतरपाट उतरला, नवरीचे डोळे दिसले, ओरडा झाला, आणि धुळाप्पाचा आवाज स्वच्छ ऐकू आला. कोण पडलं हे बघायला कॅमेरा वळला नव्हता. राजपालचं नाव त्याआधीच घेतलं गेलं होतं.

धुळाप्पाचा लग्नातला निळा शर्ट दाराच्या खिळ्याला अडकवलेला होता.

‘पुसून टाक,’ धुळाप्पा म्हणाला.

भाग्यलक्ष्मीनं माउसवरचा हात काढला. ‘तुमीच पुसा.’

तो खुर्चीत बसला. बाण त्या व्हिडिओवर नेला, आणि दाबेना. त्याला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त राग येत होता. तीस वर्षं त्यानं लोकांचे खांदे, माना, हनुवट्या सरळ केल्या होत्या. त्याचा स्वतःचा असा फोटो कुणी काढला नव्हता. आणि काढला तर या बटणानं.

दुसऱ्या दिवशी तो अंकुशरावांकडं गेला आणि त्यांना एकट्याला व्हिडिओ दाखवला. अंकुशरावांनी कॅमेरा परत त्याच्या हातात दिला. मग म्हणाले की झालं ते झालं, आईचा हात बरा होतोय, पोरांनी हात उचललाय तो आता परत कसा घ्यायचा. ‘मी त्याच्या दारात जाऊ व्हय? पुसून टाका ते. तुमीच म्हणत होता की, फोटोवाल्यानं व्हिडिओ काढू न्हाई.’

आपलंच वाक्य असं परत मिळाल्यावर धुळाप्पा तिथं थांबला नाही. कॅमेरा गळ्यात अडकवून, भर दुपारी, तो राजपालच्या घरी गेला. राजपाल दारातच उभा राहिला. ये म्हणाला नाही, बस म्हणाला नाही. धुळाप्पानं कॅमेरा पुढं केला. राजपालनं व्हिडिओ दोनदा बघितला.

‘हात हलायलाय तुमचा,’ तो म्हणाला. ‘काहीच धड दिसंना.’

‘कोपर दिसतंय की. ते माजं हाय.’

‘निळी बाही कुणाची बी असती. माजी लग्नं गेली ती तुमच्या तोंडानं गेली. तोंड पायजे.’

तो आत गेला, स्वतःचा कॅमेरा घेऊन आला. दांडा मोडलेला होता, म्हणून त्यानं तो स्टुलावर ठेवला आणि खाली वहीचा पुठ्ठा सरकवून उंची लावली. धुळाप्पाला घराच्या बाहेरच्या भिंतीपाशी उभं केलं. हनुवटी वर, म्हणाला. अजून वर. तेही तो धुळाप्पाकडंच शिकला होता. मग त्यानं लाल बटण दाबलं.

धुळाप्पाचे हात आपोआप मांडीला चिकटले. पाठ ताठ झाली. श्वास रोखला गेला. तो तसाच उभा राहिला, आणि शेजारपाजारच्या बायका आपापल्या दारात येऊन बघायला लागल्या.

‘फोटो काढंना मी,’ राजपाल म्हणाला. ‘दम सोडा. बोला.’

‘मी धुळाप्पा. फोटोवाला.’ एवढ्यावर तो थांबला. मग म्हणाला, ‘गीताबाईला म्या पाडलं. राजपाल जागचा हलला नव्हता. नाव म्या खोटं घेतलं.’

राजपाल कॅमेऱ्यावर वाकला होता. त्यानं मान वर केली नाही. ‘आवाज आला न्हाई,’ तो म्हणाला. ‘परत.’

धुळाप्पानं दारातल्या बायकांकडं बघितलं आणि पहिल्यापासून, मोठ्यानं, परत सांगितलं.